थर्मासातली नीरा

मंगळ. २३ डिसें. ५२, ठाणे

उद्या सकाळी शहाड. ह्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांच्या भावाच्या दोन खोल्या नदीजवळ रिकाम्या आहेत, नाताळच्या सुट्टीत आठ दिवस मिळाल्या. काल जेवताना ह्यांनी जाहीर केलं, "तिथे चूल पेटवायची नाही. बाहेर जेवायचं, डोंगर चढायचा, नीरा प्यायची." गणिताच्या मास्तरांनी एका दमात इतकं बोलावं म्हणजे नवलच. दिवसाला चार वाक्यं हा यांचा रतीब. शालू ताटावरून उठून नाचली. अकरा वर्षांची घोडी.

मी वरवर कुरकुर केली. मनातून हायसं वाटलं. आठ दिवस फोडणी नाही, मिठाचा अंदाज नाही, पहिला घास घेताना कुणाच्या तोंडाकडे चोरून बघणं नाही.

इथे तरी लिहून टाकते. भाद्रपदातल्या विषमज्वरापासून तोंडाला चव नाही, नाकाला वास नाही. चार महिने होत आले. गूळ खाल्ला काय नि भिंतीचा चुना खाल्ला काय. कुणाला सांगितलेलं नाही. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या गेल्या, पद्धत राहिली. म्हणजे मी पहिल्यापासून वासावर आणि हाताच्या अंदाजावरच रांधत आले. मग कुणाला संशय कसा येणार? पण नाक गेलं की हातही चाचपडतो, हे आता कळतंय.

परवा वन्संचं कार्ड आलं. चैत्रात त्यांच्या धाकट्याची मुंज. "पुरण तुझ्याच हातचं हवं, दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही." दोनशे पानं उठणार. सगळ्या नातेवाइकांत माझं नाव आहे ते एवढ्या एका पुरणावर, दुसरं आहे काय माझ्याकडे? उत्तर दिलेलं नाही. कार्ड ट्रंकेच्या तळाशी. झाकली मूठ चैत्रापर्यंत झाकलेली राहील का?

बुध. २४, शहाड

खोल्या स्वच्छ. नदी पाच मिनिटांवर. थंडी कडक, शालूचे ओठ निळे, तरी पाण्यात पाय घालून बसली.

दुपारी कल्याणला खानावळीत जेवलो. पाटावर बसून दुसऱ्याने वाढलेलं खायचं, किती वर्षांनी! वाढणारा म्हातारा भात वाढताना एक शीत इकडचं तिकडे पडू देत नव्हता. बघत राहावं असा हात.

ह्यांना मात्र काय झालंय कळत नाही. एरवी पानावरून उठेपर्यंत तोंडातून शब्द नाही. आज आमटीचा भुरका मारला आणि सुरू. "चिंच नाही, आमसूल आहे. आधी आंबट लागतं, गूळ मागाहून येतो. मिरची घशाशी." मग भाजी. मग ताक. परीक्षेचे पेपर तपासल्यासारखं एकेक. मी म्हटलं, गप जेवा ना. तर म्हणाले, "सुट्टी आहे, बोलतो."

गुरु. २५

पहाटे उठून नीरा प्यायला. गावाबाहेर शिंदीची झाडं आहेत. गोमादादा म्हणून आगरी माणूस, साठीचा, सरकारी परवान्याचा. पूर्वी ताडी काढायचा, दारूबंदी आल्यापासून नुसती नीरा. कमरेला दोराचा फास, कोयता, आणि सरसर वर. साठीचा माणूस! मी बघताना श्वास धरून उभी. मडक्याला आतून चुना पोतलेला असतो, म्हणजे रस आंबत नाही. तरी आठाच्या आत संपवायची. "सकालची नीरा म्हंजे तान्हं लेकरू, बाय. दिस वर आला का बिगारतं."

सगळ्या झाडांची गोडी वेगळी, असं त्याचं म्हणणं. तीन मडकी समोर मांडली. नुसती जीभ लावून कुठली कुठल्या झाडाची ते सांगतो. शालूने डोळे झाकायला लावून दोनदा परीक्षा घेतली, दोन्ही वेळा बरोबर. ह्यांचं चाललंच होतं, ही नारळपाण्याच्या जवळची, ही जास्त गोड, हिला मातीचा वास. शालूसुद्धा आता तेच करायला लागलीय. बापलेकींची जुगलबंदी.

ती दोघं पलीकडचं झाड बघायला गेली तेव्हा गोमादादाने मला दोन पेले दिले. कुठली गोड? मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "दोनी एकाच मरक्यातल्या होत्या, बाय."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"तापात गेली काय? आमच्या म्हातारीची पन गेल्ती. आली परत. कवा आली त्या तिला पन नाय समाजलं." एवढं बोलून पेले विसळायला लागला. हे परत आले तेव्हा अवाक्षर काढलं नाही. मोठा माणूस.

शुक्र. २६

इराण्याकडे ब्रून पाव आणि चहा. आयुष्यात पहिल्यांदा इराण्याच्या खुर्चीवर बसले. सासूबाई असत्या तर... असो. संगमरवरी टेबल इतकं गार की कोपर टेकवून बसले. शालू : "आई, लोणी खारट आहे, आणि पाव थोडासा आंबूस, पण छान आंबूस." मी म्हटलं, मला जीभ नाही का? बोलून गेले आणि घाबरले. दोघंही खाली बघून खात राहिली.

रवि. २८

काल मलंगगड. काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हते, कारण पुढे.

पहाटे गोमादादाकडे. माझ्याच डोक्यातून निघालं की थोडी वर नेऊ, डोंगरावर बसून पिऊ. तो म्हणाला, हितंच प्या. मी हो म्हटलं आणि त्याची पाठ वळताच शालूकडून एक तांब्या थर्मासात भरून घेतली. थर्मासात आदल्या रात्री बाहेरून आणलेला चहा होता, म्हणून खोलीवरून निघताना तो बंबातल्या कढत पाण्याने विसळून आणला होता. थर्मासात ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राहते, हा आपला समज. नवा थर्मास, मुंबईहून आणलेला, त्याची कोण मिजास!

पायथ्यापासून चढण. मी आजारातून उठलेली, पण पायांनी लाज राखली. दर पन्नास पावलांना हे थांबत, चष्मा पुसत. नंतर लक्षात आलं, चष्मा स्वच्छच होता, मला दम खाऊ देत होते. वरून काय दिसतं! कल्याणच्या खाडीची वळणं, हिरवा-पिवळा पट्टा, लांबवर डोंगरामागे डोंगर. इतकं मोठं काही आपल्या घरापासून एवढ्या जवळ आहे आणि मी अजून पाहिलं नव्हतं, याचंच आश्चर्य.

दुपारी बारा. बापलेक कड्याकडे गेली. मला तहान लागलेली. थर्मासचं बूच काढलं तर फट् करून उडालं, वर फेस. वाटलं, चालताना हिंदकळली असेल. एक पेला प्याले. गार नव्हती, पण ओली होती. दुसरा प्याले.

ती दोघं आली. शालूने घोट घेतला आणि थू करून टाकला. "शी! आई, ही आंबलीय! ताडी झाली!"

ह्यांनी पेला नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं. "तू किती प्यालीस?"

"दोन पेले."

कान गरम झालेले, डोंगर जरासा हलत होता. दारूबंदीच्या राज्यात शाळामास्तरांची बायको भर दुपारी गडावर ताडी पिऊन बसलेली! मला हसू फुटलं. आवरेना. हसता हसता रडायला कधी लागले कळलं नाही. आणि मग सगळं बोलून टाकलं. चव नाही, वास नाही, भाद्रपदापासून, वन्संचं कार्ड, पुरण, सगळं. शालू माझा पदर धरून उभी.

हे म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या पाडव्यापासून. बासुंदीत साखर नव्हती, मीठ होतं."

त्या दिवशी यांनी दोन वाट्या बासुंदी मागून घेतली होती. मला चांगलं आठवतं. शालूची वाटीसुद्धा यांनीच संपवली होती, तिच्या पोटात दुखतंय म्हणून. आणि वाटी खाली ठेवताना म्हणाले होते, "छान झालीय."

थर्मासातली उरलेली नीरा ह्यांनी कारवीच्या मुळाशी ओतली. उतरताना माझा हात धरला. चारचौघांत. येणारीजाणारी माणसं बघत होती, तरी सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

सोम. २९

डोकं अजून दुखतंय. भोगा आपल्या कर्माची फळं.

शालूला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "बाबांनी गाडीत सांगितलं होतं. आईसाठी आपण चाखायचं, पण मोठ्याने. आणि तिला कळू द्यायचं नाही."

म्हणजे आमसूल, गूळ मागाहून, मिरची घशाशी. लोण्याचा खारटपणा. आणि मी म्हणत होते, गप जेवा ना. ही सगळी सहलच माझ्यासाठी आखलेली. चूल पेटवायची नाही, ती का ते आता कळलं. या माणसाशी संसार करून चौदा वर्षं झाली, आणि मी समजत होते याला बोलता येत नाही.

रागही आला. विचारलं, दोन महिने का बोलला नाहीत? म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो." मग, "चुकलं बहुतेक."

माझंही चुकलं, असं मी म्हटलं नाही. उद्या म्हणेन.

बुध. ३१

शेवटची नीरा. गोमादादाला थर्मासाची गोष्ट सांगितली. तो मांडी थोपटून हसला. "गरम दुपट्यात लेकरू गुंडालून उनातून नेलंस, आनि वर म्हनतेस का बिगारलं कसं!" आम्ही निघताना त्याने हळूच विचारलं, "सांगितलंस घरात?" मी मान डोलावली. "मग येल. जीब एकटी असली का रुसते." खरंखोटं देव जाणे, पण डोळे भरून आले.

ह्यांना कालच म्हणून टाकलं, माझंही चुकलं. त्यावर नुसते "हं" म्हणाले. रतीब पुन्हा चार वाक्यांवर आला.

रवि. ४ जाने. ५३, ठाणे

आज पुरण घातलं. वन्संना काय कळवायचं ते ठरवण्याआधी एकदा करून बघायचं, असं ठरलं. मी म्हटलं, पण चाखणार कोण? नैवेद्याच्या आधी? हे आंघोळ करून, सोवळं नेसून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. ज्या माणसाने जन्मात देवाआधी तीळ तोंडात टाकला नाही त्याने आ केला. "देवाला मी सांगितलंय," म्हणाले. "या घरात सध्या एवढीच जीभ आहे."

मी चमच्याने भरवलं. "गूळ आणखी मूठभर." घातला. "बरोबर. वेलदोडा कमी." घातला. "आता झालं. जायफळ राहिलं."

किसणीवर जायफळ धरलं, चार हात किसलं, आणि नाकाच्या अगदी आत काहीतरी टोचलं. वास होता की नुसती पूड गेली, सांगता येत नाही. गेले चार महिने जे केलं ते या वेळी केलं नाही. लगेच हाक मारली, "अहो, काहीतरी लागलं!"

हे सोवळ्यात धावत चुलीपाशी. "पुन्हा किस."

किसलं. वाटलं, आहे. पुन्हा किसलं. वाटलं, नाही. "पुन्हा." शालूही येऊन माझ्या नाकाकडे बघत बसली, तिथून काही बाहेर पडणार असल्यासारखी. असं करत अख्खं जायफळ संपलं तेव्हा भानावर आलो.

पुरण कडू झालंय असं दोघंही म्हणतात. हे दोन पोळ्या खाऊन उठले, तिसरी मागत होते, मी दिली नाही. आता भरदुपारी दोघं गाढ झोपलीत, जायफळाने. मी वन्संचं कार्ड समोर घेऊन बसलेय. "ति. वन्संस सा. न." एवढं लिहून झालं. डबीत आणखी एक जायफळ आहे, ते काढून हुंगून बघतेय.