खानावळ चालू आहे

प्रिय सखू,

तू बरी असशील असं धरून चालते, कारण आज मला तुझी खुशाली विचारायची नाही, तुझ्याशी भांडायचं आहे. फोनवर तुझ्याशी धड भांडताही येत नाही. दोन वाक्यं झाली की तू रडतेस, नाहीतर फोन रितेशच्या हातात देतेस. मग तो तुझा गुणी मुलगा मावशी मावशी करत मला बदलापूरच्या पाण्याच्या तक्रारी सांगत बसतो आणि मी फोन ठेवून देते. कागदाचं बरं असतं, तो मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

आपली खानावळ बंद केली असं तू कळवलंस. मला नाही गो, बाळाशेठला कळवलंस! इतकी वर्षं आपण दोघी त्या एवढ्याशा मोरीत एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत भांडी घासली आणि बंद झाल्याची बातमी मला बांगड्यांच्या दुकानातून कळावी? बाळाशेठला तू ओळखतेस. त्याला सांगितलं म्हणजे आळीला सांगितलं. त्यातून तो दुकानदार मंडळाचा अध्यक्ष, आणि करोनापासून त्याला एक नवीनच छंद जडला आहे. दुकान बंद पडलं की मालकाला शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा. आधी फोटो स्टुडिओ गेला, मग कोल्ड्रिंक हाऊस, मग छत्र्यांचं दुकान. स्टुडिओवाला आता मिरजोळ्याला एमआयडीसीत वॉचमन आहे, कोल्ड्रिंकवाल्याने हातखंब्याला हायवेवर शहाळ्यांची गाडी लावली आहे. दोघांच्याही घरी शाल कपाटात घडी घालून ठेवलेली आहे. गोखले नाक्यावरून खाली येताना मला वाटतं, आपल्या आळीत आता शाली जास्त आणि दुकानं कमी झाली.

तर गेल्या रविवारी बाळाशेठने मला मंडळाच्या हॉलवर बोलावलं. जरा बरी साडी नेसून या म्हणाला. मला वाटलं नगरपालिकेचे कोणी साहेब येणार असतील, गटाराचं सांगून घेऊ. जाऊन बघते तर भिंतीवर हा एवढा बॅनर, त्यावर आपल्या दोघींचे फोटो. तुझा रितेशच्या लग्नातला, नथ घातलेला. माझा कुठून मिळवला देव जाणे, डोळे मिटलेले आहेत. वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण निरोप. सखू, हार तेवढा घालायचा राहिला होता! बाळाशेठ बोलायला उभा राहिला तो थांबेचना. आपण कशा हसतमुख होतो, आपली सोलकढी कशी होती, सगळं होतो आणि होती. मी समोर जिवंत बसून ऐकत होते. पुढच्या रांगेत बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि मागे वडे तळल्याचा वास येत होता. म्हणजे खानावळीच्या निरोपालासुद्धा खाणं बाहेरून मागवलेलं.

मग मला दोन शब्द बोला म्हणाले. आयुष्यात मी माईक हातात धरला नव्हता. उभी राहिले आणि सांगितलं, खानावळ बंद नाय झालेली, उद्या साडेअकराला काळ्या वाटाण्याची आमटी नि भात तयार असेल, इथे वडे खाऊन ज्यांना रडू आलंय त्यांनी उद्या तिथे पैसे देऊन जेवावं नि मग रडावं. मग छत्रीवाल्याने टाळी वाजवली, तो एकटाच. शाल मी बाळाशेठच्या हातात परत दिली. पुढच्याला होईल, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. पुढचा कोणी असूच नये. नारळ मात्र ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वाटणात घातला.

आता खरं सांगते. शटर मी वर केलं, पण शिजवायचंही मलाच होतं. बाजार करणं, वाढणं, कुणाला पुढे सरका म्हणणं, मासेवालीशी घासाघीस, यात मला कोणी हरवणार नाही. पण माझ्या हाताला चव नाही हे तुलाही माहीत आहे. घरी आमचे हे निमूट जेवतात, ते त्यांचा स्वभाव चांगला म्हणून. पहिल्या दिवशी कोर्टातला धाकू आला, ते आपलं जुनं गिऱ्हाईक. पूर्ण जेवला, हात धुतले, आणि जाताना एवढंच म्हणाला की वैनी, आमटी गरम होती. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला नाही. त्याला दोष देत नाही. दयेने कोणी किती दिवस जेवणार? असंच चाललं तर शिमग्यापर्यंत बाळाशेठ तीच शाल घेऊन पुन्हा दारात उभा राहील आणि तेव्हा मला काही बोलता येणार नाही. आपली खानावळ टिकायची तर ती तुझ्या हातानेच टिकेल, हे मी कुणालाही सांगेन.

पण तू कशी शिजवायचीस ते आठवलं की माझा जीव वरखाली होतो. देवापुढे पहिलं पान ठेवेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, हा तुझ्या सासूचा नियम तू धंद्यातही सोडला नाहीस. मी हसायचे. तू टोपावर वाकायचीस, वाफ नाकात घ्यायचीस आणि आमसूल अजून दोन टाक म्हणायचीस. पलीकडे कुणी नारळ फोडला तरी खवट असेल तर आतून ओरडायचीस. त्या लॉकडाऊनमध्ये शटर अर्धं ओढून आपण सिव्हिलमधल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबे करत होतो, तेव्हाही मास्क खाली करून वाफ हुंगायचीस आणि मी तुझ्या अंगावर ओरडायचे. मग वैशाखात तू आजारी पडलीस. त्या दिवसांत मी भैरीदेवाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू उठलीस, आणि श्रावणात आपण परत पाट्या पुसून सुरुवात केली.

तेव्हापासून मी बघत होते सखू. दूध करपून धूर झाला आणि तू पाठ करून शेजारीच उभी होतीस. फोडणी देऊन मला विचारायचीस, जळली तर नाय ना गो? वाफेवर वाकायचीस आणि काहीच न बोलता उभी राहायचीस. एक दिवस खवट खोबऱ्याची आमटी पानात गेली. धाकूने वाटी तशीच ठेवली, आणि ती वाटी उचलून बघताना तुझा चेहरा मी पाहिला. गणपतीत रितेश आला आणि गौरी गेल्यावर त्याच्याबरोबर तू निघालीस. गुडघे दुखतात म्हणालीस. तुझे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत!

रितेशला तू हे नाकाचं सांगितलेलं नाहीस हेही मला ठाऊक आहे, म्हणूनच फोनवर बोलले नाही. ही तुझी गोष्ट आहे, तुझ्याकडेच राहू दे. वास परत येईल असं डॉक्टर म्हणतात, येईल तेव्हा येईल, नाही आला तर बसू दे घरी. आपण त्याच्यासाठी शटर बंद ठेवायचं नाही. काल मी भैरीच्या देवळात जाऊन आले. कौल लावला नाही, लावला असता आणि नको म्हणाला असता तर? मी विचारलंच नाही, सांगून आले. म्हटलं, यापुढे आमटी सखू करणार, आधी मालन चाखणार, आणि मग तुझं पान. उष्टं चालत नसेल तर उपाशी राहा, पण आमच्या सखूला परत पाठव. तू शिजव, मी तुझ्या शेजारी उभी राहून हुंगते आणि चाखते. माझं नाक तुझ्यापेक्षा चांगलं मोठं आहे गो, दोघींना पुरेल.

तुझीच,
मालन