ओंडका तरुणांनीच टाकायचा

१ मार्च, शनिवार
पहाटे गावकामाचा ढोल वाजला. मीच वाजवला, ज्याची पाळी होती तो उठलाच नाही. आले कोण? चेअरमन किबिरांगो, नालुबेगा आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी. तरुण एकही नाही. गावाचा युवक सचिव या नात्याने मला लाज वाटली. (माझं वय चोपन्न. निवडणुकीला तरुण कोणी उभाच राहिला नाही, म्हणून पद माझ्याकडे. पण मनाने मी तरुणच आहे.)

काम तसं किरकोळ. झऱ्याच्या वाटेवर, दलदलीच्या नाल्यावर जो ओंडका टाकलाय तो आतून पोकळ झालाय. निलगिरीचे दोन नवे ओंडके तोडून बाजूला पडलेच आहेत. आत्या म्हणाली, अरे सेमांडा, आपण पाच जण आहोत, उचल एक टोक, चहाच्या आधी होईल. मी ठाम नकार दिला. म्हाताऱ्यांनीच कामं उरकली तर तरुणांना सवय कधी लागणार? हा ओंडका तरुणच टाकतील. चेअरमनना पटलं. त्यांची कंबर दुखते.

संकल्प: महिनाअखेरीस गावातला झाडून सगळा तरुणवर्ग कुदळ घेऊन हजर.

३ मार्च
मोटारसायकलवरून भाडी मारणाऱ्या बोडावाल्यांच्या अड्ड्यावर गेलो. मोटारसायकली सावलीत आणि पोरं लुडोवर. मी सेवाभावावर चांगलं अर्धा तास बोललो. एकाने विचारलं, सेक्रेटरी, सोडा मिळेल का? दुसरा म्हणाला, अरे, भाषणच पोट भरून मिळालं की. सगळे खिदळले. त्यांच्यातला लुटालो तेवढा हसला नाही. तो म्हणाला, सेक्रेटरी, तुम्ही स्वतः कुदळ कधी मारता ते सांगा, त्या दिवशी मी येतो. मी म्हणालो, माझं काम प्रेरणा देणं. त्याने फासा टाकला.

एकंदरीत प्रतिसाद उत्साहवर्धक.

८ मार्च, शनिवार
नवा प्लॅन. लग्नकार्यांना मी भाड्याने देतो तो तंबू, खुर्च्या आणि लाउडस्पीकर नाल्याकाठी नेला. स्वखर्चाने! भाषण सुरू झालं आणि पाऊस आला. तरुण धावत आले, तंबू गच्च भरला. असा श्रोतृवर्ग मला आजवर मिळालेला नाही. पाऊस थांबताच मी म्हणालो, आता कामाला लागू या. मागे वळून पाहतो तो खुर्च्या रिकाम्या.

तरी उपस्थिती उत्तम. काम हा पुढचा टप्पा.

आत्या म्हणते, ओंडक्यावर पाय ठेवला की करकरतो. तिला सांगितलं, जपून जात जा.

१२ मार्च
सकाळी आत्याने पाण्याचा कॅन डोक्यावरून उतरवला आणि नेहमीसारखी शेंगदाण्याची आमटी ढवळायला बसली. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. आता सत्तरी ओलांडली, तरी झऱ्याचंच पाणी हवं, नळाच्या पाण्याला म्हणे लोखंडाचा वास येतो. मी म्हटलं, उद्यापासून मी आणत जाईन. ती म्हणाली, तू आणशील तोवर चहा थंड होईल. मग हसून म्हणाली, माझ्या वजनाने तो ओंडका नाही मोडायचा, तुझ्या भाषणाच्या वजनाने मोडेल.

विनोदबुद्धी आमच्या घराण्यातच आहे.

१५ मार्च, शनिवार
फुटबॉलचा सामना ठेवला. आधी खेळ, मग सेवा. पोरं एवढी आली की दोन्ही संघांत बदली खेळाडूच जास्त. लुटालोने गोल मारला. सामन्यानंतर मी नाल्याकडे बोट दाखवलं. सगळे दमले होते. दमलेल्या माणसाला काम सांगणं नेतृत्वात बसत नाही. सोडून दिलं.

क्रम चुकला. पुढच्या वेळी आधी सेवा, मग खेळ. (मग खेळायला कोण येईल? विचार करायला हवा.)

१८ मार्च
मोठी बातमी! तालुक्याच्या अधिकारी मॅडम एकोणतीस तारखेला गावात येणार. आमच्या तरुणांचं सेवाकार्य प्रत्यक्ष पाहणार. चेअरमन घाबरले. मी मुळीच नाही. मॅडमच्या डोळ्यांदेखत तरुण ओंडका उचलताहेत, मी सूचना देतोय, असं चित्र सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. आत्याने दोनदा हाक मारली तरी ऐकू आली नाही.

२० मार्च
संतापजनक प्रकार. कोणीतरी भल्या पहाटे पोकळ ओंडक्यावर दोन जाड फळ्या टाकून ठेवल्या. खिळे ठोकून! चौकशी केली तर लुटालो. म्हणाला, नालुबेगा आजीचा पाय काल घसरला होता, म्हणून टाकल्या. मी विचारलं, मग एकोणतीसला मॅडम काय बघणार? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, सेक्रेटरी, पाणी चढतंय.

शिस्त म्हणजे शिस्त. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा सेवा केली तर तिला मोहीम कशी म्हणायची? खिळे उपटून दोन्ही फळ्या मी स्वतः खांद्यावरून घरी आणल्या आणि तंबूच्या सामानात ठेवल्या. कंबर मोडली. गावासाठी मी झिजत नाही असं आता कोणी म्हणू नये.

आत्याला पाय घसरल्याचं विचारलं. म्हणाली, काही नाही रे, चप्पल जुनी आहे. पण आज ती भिंतीला धरून चालत होती.

२३ मार्च, रविवार
तीन दिवस पाऊस हटलेला नाही. चर्चहून येताना नाला पाहिला. पाणी गढूळ, ओंडक्याच्या पोटाला लागलंय. लव्हाळ्यातले बगळे दिसत नाहीत, कुठे गेले कोण जाणे. तिथे उभं राहवलं नाही, उगाच अंगावर काटा आला. बहुधा ओल्या शर्टामुळे.

वाटेत चेअरमननी विचारलं, आजच टाकू या का ते ओंडके? चार म्हातारे मिळून? क्षणभर मलाही वाटलं, टाकावेत. पण महिनाभराच्या मेहनतीवर सहा दिवसांसाठी पाणी सोडायचं? शिवाय पाणी जितकं जास्त, तितकं तरुणांचं काम मॅडमना मोठं दिसेल. चेअरमननी कंबरेवर हात ठेवला आणि घरी गेले.

पाटी रंगवायला घेतली: ‘युवाशक्तीचा सेतू’. खाली लहान अक्षरांत माझं नाव.

२५ मार्च
आत्याला सांगितलं, चार दिवस नळाचं पाणी पी. ती म्हणाली, चार दिवसांनी काय होणार आहे? मी सगळी योजना समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, बाळा, तुझं सगळं छान असतं, फक्त उद्यापासून असतं.

रात्री झोप नीट लागली नाही. पाटीवर माझं नाव जरा मोठं हवं होतं का, हाच विचार.

२६ मार्च, सकाळी
पाटीचा दुसरा हात चालू आहे. आत्या पाण्याला गेलीय. किती सांगितलं तरी ऐकत नाही. चुलीवर चहा उकळतोय.

थोड्या वेळाने
चहा आटला. आत्या अजून आली नाही. झऱ्यावर कोणीतरी भेटलं असेल, एकदा बोलायला लागली की तिला वेळेचं भान राहत नाही.

शेजारीण विचारून गेली, ओंडका दिसत नाहीये, कोणी काढला का? मी म्हटलं, नाही. एकोणतीसला काढायचाय.

जाऊन बघतो.

२७ मार्च, गुरुवार
काल लव्हाळ्यात सापडली. लुटालोनेच पाण्यात उडी मारून बाहेर काढली. कॅनची मूठ हातात तशीच घट्ट होती.

आज सकाळी मयताचा ढोल वाजला. मला वाटलं होतं, कोणी येणार नाही. दुसऱ्यांच्या मयताला मी नेहमी खुर्च्या पाठवल्या, कबर खणायला कधी उतरलो नाही. आमच्याकडे अशा माणसाच्या दारी लोक कुदळ आणत नाहीत. म्हणून मी पहाटे एकटाच केळीच्या बागेत गेलो आणि खणायला लागलो. गुडघ्याइतकंही खोल गेलं नव्हतं, एवढ्यात अड्ड्यावरची पोरं आली. सगळी. फुटबॉलला आली होती त्याहून जास्त. प्रत्येकाच्या खांद्यावर कुदळ. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. त्यांनी शर्ट काढून झाडाला अडकवले आणि खड्ड्यात उतरले.

माझ्या हातातली कुदळ लुटालोने काढून घेतली. मी म्हणालो, राहू दे, मला खणू दे. तो म्हणाला, काका, तुम्ही बसा. हजार वेळा सेक्रेटरी म्हणून झालं होतं, काका आज पहिल्यांदा म्हणाला. मी तिथेच मातीच्या ढिगावर बसलो आणि पोरांसमोर रडलो.

दुपारी आमच्या रीतीप्रमाणे झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून तिला कबरीत ठेवलं. चेअरमन म्हणाले, चार शब्द बोल. मला बोलता आलं नाही.

पोरांनी माती लोटली आणि त्याच कुदळी घेऊन सरळ नाल्यावर गेली. मी घरी पाय धुवून बाहेर आलो तोवर दोन्ही ओंडके पडले होते, कठडासुद्धा बांधून झाला होता.

एवढंसंच काम होतं.

२९ मार्च, शनिवार
मॅडम ठरल्याप्रमाणे आल्या. चेअरमननी त्यांना सरळ नाल्यावर नेलं. पाटी मी नेली नव्हती. अड्ड्यावरची पोरं काठावर उभी होती. मॅडमनी ओंडक्यावर पाय दाबून पाहिला, कठडा हलवून पाहिला, खूश झाल्या. म्हणाल्या, गावोगाव फिरते, तरुण कुठेच बाहेर पडत नाहीत, तुमच्याकडे एवढे कसे आले? यांना घराबाहेर काढलं कोणी?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लुटालोनेही. मी स्वतःचं नाव सांगितलं असतं, तरी त्याने ते खोडून काढलं नसतं.

मी म्हणालो, माझ्या आत्याने.

मॅडम म्हणाल्या, अरे वा! मग लाजता काय, त्यांना पुढे बोलवा, त्यांच्यासाठी टाळ्या तरी वाजवू या. आणि त्या एकट्याच टाळ्या वाजवायला लागल्या.