डावीकडचं वळण

४ जानेवारी २०२६, रविवार

गाडी आज परत तिथंच उलटली. लांबच्या पट्ट्याच्या शेवटी, डावीकडच्या वळणात. दहा फेऱ्यांत तीनदा. चाक कठड्याला लागतं आणि गाडी चारी चाकं वर.

अण्णांनी रिमोट खाली केला. "विशा, गाडी वळंना. काय तरी कर."

एकतीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. रिटायर झाल्यावर नुसते टीव्हीपुढं बसायचे, म्हणून ही रिमोटची रेसची गाडी मीच आणली. चालवायची त्यांनी, बांधायची मी — असं ठरलेलं. म्हणजे वळत नसेल तर चूक माझी.

१५ फेब्रुवारीला छावणीच्या ट्रॅकवर शर्यत. पुण्या-नाशिकचे लोक येणार. अण्णांनी सिल्लोडच्या मावशीलाही सांगून टाकलंय.

६ जानेवारी, मंगळवार

संशय रोल सेंटरवर. वळताना गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो. डोळ्याला दिसत नाही, कागदावर रेघा मारून काढावा लागतो. चाकाला धरणारा दांडा, म्हणजे आर्म, आतल्या बाजूला एका पिनवर हलतो. त्या पिनेखाली शिम — पत्र्याची पातळ चकती — सारली की बिंदू वर जातो — गाडी कमी कलते, चटकन वळते, सहसा उलटत नाही. शिम काढली की उलट: गाडी अंग टाकून, सावकाश वळते.

पुढं अर्धा मिलिमीटर वर घेतला. वाळूजला कंपनीत दिवसभर मायक्रॉन मोजते, तरी हे तीनदा मोजलं.

११ जानेवारी, रविवार

उलटली नाही. कठड्याला धडकली. तिथंच. चारदा. पुढचा आर्म तुटला.

अण्णा म्हणाले, "लई घाईची झाली गं आता." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१३ जानेवारी

पुढचा अर्धा परत काढला. मागं वर घेतला. सगळं वहीत लिहिलंय. वही भरत चाललीय, वळण तिथंच.

१८ जानेवारी, रविवार

ट्रॅक काकासाहेबांचा. गाडी त्यांच्या हातात दिली. दहा फेऱ्या — कुठंही लागली नाही.

"गाडी झकास हाय की. आता हात नको लावू तिला."

मग मी चालवली. मला येत नाही, तरी वळली.

अण्णा तेव्हा टपरीवर चहा घेत होते. त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आल्यावर म्हणाले, "काकासाहेब चालवत होते व्हय? वळली का?" मी म्हटलं, "थोडी थोडी."

१९ जानेवारी

जेवताना त्यांच्या हाताकडं बघत बसले. थरथर नाही. आईला विचारलं, अण्णांना नीट दिसतं ना? "चष्मा लावून सगळा पेपर वाचतेत. जाहिराती सुदिक." मग आईनंच विचारलं, "का गं?" काही नाही म्हटलं.

मग वय? सहासष्ट. काकासाहेब एकोणसत्तरचे.

२३ जानेवारी

कंपनीत एक पार्ट मोजायचा राहिला. सुपरवायझर बोलले. माझं डोकं त्या वळणात.

२५ जानेवारी, रविवार

शर्यतीत दोन्ही दिशांनी धावायचं असतं, म्हणून काकासाहेबांनी आज ट्रॅक उलट फिरवायला लावला. जीव जरा भांड्यात पडला — ते लांबचं वळण आता वेगळ्या बाजूनं येणार.

ते वळण अण्णांनी लोण्यातून सुरी जावी तसं काढलं. एकदाही नाही लागली. मी टाळ्या वाजवल्या.

आणि मग जवळच्या पट्ट्याच्या शेवटी धडकली. जिथं ते कधीच चुकत नव्हते. ज्या मचाणावर उभे राहून चालवतात तिथून पंधरा फुटांवर! एकदा, दोनदा, पाचदा.

काकासाहेब माझ्याकडं बघत होते. मी स्क्रू शोधल्यासारखं केलं.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. सकाळी अण्णा आणि आई स्कूटरवर सिल्लोडला गेले, मावशीकडं. मी ट्रॅकचं चित्र काढून बसले. आधीची दिशा निळ्या पेननं, कालची लाल. धडकायच्या जागांवर फुल्या.

सगळ्या फुल्या एका बाजूला. डाव्या.

गाडीला डावं-उजवं सारखंच असतं. दोन्ही बाजूंच्या शिम मी मोजून घातल्यात. गाडी उजवीकडून डावीकडं जाते तेव्हाच अण्णा चुकतात. त्यांना गाडी दिसते. तिच्या पुढचा कठडा दिसत नाही.

आणि ते स्कूटरवर होते. पासष्ट किलोमीटर, मागं आई.

फोन लावला. उचलला नाही. आईचाही नाही. अकरा वेळा लावला. शेवटी मावशीनं उचलला — "आत्ताच निघाले की." परत येताना! फुलंब्रीपर्यंत रिक्षानं जावं का, रस्त्यात चुकामूक झाली तर? गेटपाशी उभी राहिले. दोन तास. पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावरून वळणारी प्रत्येक स्कूटर त्यांचीच वाटत होती.

आले. आई उतरता उतरता म्हणाली, "एक टेंपो डावीकडनं लई खेटून गेला बाई. यांनी बघितलाच नाय."

अण्णा हसले. "बघितला की."

मी किल्ली काढून घेतली.

२७ जानेवारी

"किल्ली दे."

"आधी डॉक्टर."

"एकतीस वर्षं. एक ओरखडा नाय. तू मला शिकवती?"

मी त्यांचा उजवा डोळा हातानं झाकला. विचारलं, अण्णा, भिंतीवर काय काय दिसतं? बाबासाहेबांचा फोटो सांगितला. शेजारचं घड्याळ नाही. घराला पंचवीस वर्षं झाली, घड्याळ तिथंच आहे.

त्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतःच परत डोळा झाकून बघितला. मग म्हणाले, "मला वाटलं, गाडीच वळंना."

३१ जानेवारी, शनिवार

काचबिंदू. डावा डोळा बराचसा गेलेला, उजव्याला सुरुवात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दुखत नाही, लाल होत नाही. उजवा डोळा बरंचसं सांभाळून घेतो, माणसाला कळत नाही. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी राखायचं. रोज, न चुकता.

अण्णांनी एकच विचारलं. "मी सर्व्हिसला असताना होतं का हे?"

मॅडम म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही.

रिक्षात माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाळीस-चाळीस माणसं बसलेली असायची गं मागं."

४ फेब्रुवारी

जेवण अर्धं टाकतात. शर्यतीचं नाव काढत नाहीत. स्कूटर आईनं भाच्याला देऊन टाकायला लावली. अण्णा "हं" म्हणाले.

८ फेब्रुवारी, रविवार

ट्रॅकवर मी एकटीच गेले. सगळ्या शिम काढल्या. पुढून-मागून रोल सेंटर खाली. आता गाडी हळू वळते, पण चूक झाली तर सावरायला वेळ देते. शर्यत जिंकणारी गाडी नाही ही.

घरी आले तर अण्णा म्हणाले, "किती खाली घेतला?" सांगितलं. म्हणाले, "मागं एवढा नको. शेपूट जड होईल."

मला तिथंच रडू आलं. आई म्हणाली, गाडीसाठी कोण रडतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

चौदा जणांत नववे.

अण्णांनी उभं राहतानाच मान डावीकडं वळवून ठेवली होती, हनुवटी खांद्यापाशी. लोक बघत होते. मी कठड्याकडंच बघत होते, पाच मिनिटं. एकदा घासली. उलटली नाही.

अण्णा मचाणावरून खाली उतरले तेव्हा शर्ट घामानं भिजलेला. काकासाहेबांनी त्यांना विचारलं, "सांडूभाऊ, दिसलं का वळण?"

"समदं नाय दिसलं. पण आधी बघून ठेवलं होतं."

घरी येईपर्यंत रिक्षावाल्याला शर्यत सांगत होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांना तपासायला नेलं होतं. मॅडम म्हणाल्या, हे घराण्यात चालतं, तूही बस मशीनपुढं. एकेक दिवा लागणार, दिसला की बटण दाबायचं.

मधे मधे बराच वेळ दिवा लागतच नव्हता. मॅडमना तसं म्हणाले.

त्या म्हणाल्या, "सगळे लागले होते."