निळी जीभ

रविवार संध्याकाळ, भेस्तान.

नातीला चित्र रंगवून देताना ब्रशचं टोक सवयीने जिभेवर ओढलं. जीभ निळी. नात हसत सुटली, मला मात्र लॅब आठवली. मी आणि कोकिलाबेन असाच ब्रश ओला करून खडकाच्या भुग्यातले समुद्री जिवांचे कणाएवढे शंख टिपायचो. त्यांच्यावरून खडकाचं वय ठरायचं. चहाला ती विचारायची, "आजे केटलो जूनो दरियो चाख्यो?" म्हणजे, आज किती जुना समुद्र चाखलास? चार कोटी वर्षांचा, मी सांगायचे.

आता ती कुणालाच ओळखत नाही. तरी तिच्या लेकीला निळ्या जिभेचा फोटो पाठवला. उगाच पाठवला का?

मघाशी लेकीचा फोन आला. आई फोटोकडे बघत बसली होती म्हणे. मग हळूच म्हणाली, "केटलो जूनो?"