वडखळ नाक्यावरची मरळ

अण्णा,

काल रोह्याला गेले होते. तुमच्या कंपनीला खेटून जी दुसरी कंपनी होती ती अजून चालू आहे, आणि तिथे पर्यावरण दिनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. संस्कृतच्या शिक्षिकेला असल्या समारंभात मागणी असते. आम्ही स्वस्तात पडतो, आणि आम्ही जे बोलतो ते कुणाला कळत नसल्यामुळे कुणी दुखावत नाही. त्यांच्या एका तरुण इंजिनिअरने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की सांडपाणी नदीत सोडण्याआधी ते त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे रसायनं विरघळवायचं द्रावक, काढून घेतात आणि पुन्हा वापरतात. त्यामुळे नवं कमी विकत घ्यावं लागतं, परदेशी गिऱ्हाईक खूश राहतं, गावाशी भांडण होत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि मग मला इतका राग आला, की शाल आणि नारळ घेताना आभार मानायचं राहून गेलं. कारण ती सगळी योजना मी कितीतरी वर्षं आधी वाचली होती. तुमच्या अक्षरात. आपल्या पेणच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात.

तुम्ही तुमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. तुमच्या साहेबांना कुठूनसं कळलं, की फाटकाशी एक हौद बांधून त्यात शुद्ध केलेलं सांडपाणी सोडावं आणि मासे ठेवावेत; मासे जगले की माल घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. हौद बांधला. वर पाटी हवी म्हणून संस्कृतमध्ये एम.ए. करणाऱ्या तुमच्या मुलीकडे दोन शब्द मागितले. मी 'निर्मलं जलम्' दिले. शब्दांचं एकमेकांशी चोख जमत होतं. पाण्याशी जमत नव्हतं, पण तो माझा विषय नव्हता. राहिले मासे. ते आणायला साहेबांनी सबंध कंपनीतून तुम्हाला निवडलं, कारण जन्मात मासळीला हात न लावलेल्या माणसावर कोण संशय घेणार! रोह्याच्या बाजारात कामगार बघतील, पेणच्या बाजारात शेजारी बघतील, म्हणून तुम्ही वाटेत वडखळ नाक्यावर उतरायचात, आणि आईची दुधाची किटली मांडीवर घेऊन एसटीने रोहा गाठायचात. "किटली कितीही घासली तरी दूध नासतंय," आई म्हणायची. तुम्ही गंभीर चेहऱ्याने गवळ्याला दोष द्यायचात.

पहिल्या खेपेला तुम्ही दिसायला छान म्हणून तळ्यातले छोटे चंदेरी मासे आणलेत. सकाळी हौदात सोडले. जेवणाचा भोंगा व्हायच्या आत पोटं वर करून तरंगत होते. तुम्हाला धक्का बसायचं कारण नव्हतं. बाटल्यांतलं पाणी रोज तपासणारे तुम्हीच. पण त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहिताय, आई पोळ्या लाटतेय, पिठाचे डाग तुमच्या कागदांवर पडताहेत. पानभर आकृत्या. "हा खर्च नाही गं," तुम्ही मला सांगता, "कंपनीचाच फायदा आहे. आपण पैसे देऊन घेतो तीच वस्तू नदीत ओततोय. साहेबांना हे कळेलच." साहेबांना कळलं. "छान आहे हो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. आधी मासे बघा."

आणि तुम्ही मासे बघितलेत! फाइल खणात ठेवलीत, किटली उचललीत, आणि या वेळी मला बरोबर घेतलंत. नाक्यावरची ती कोळीण अजून डोळ्यांपुढे आहे, समोर पाण्याचं घमेलं, त्यावर फडकं.

"कालवनाला पायजे का काका?"

"नाही. म्हणजे, जिवंत राहील असा हवा."

"पालायला?"

"हो. आणि मरणार नाही असा."

ती इतकी हसली, की शेजारची बाई आपली टोपली सोडून बघायला आली. "आयकला का गो, बामनाला न मरनारा मासा पायजे! मरल ने काका. ती चिखलान पन जगते. वरती तोंड काढून हवा खाते, तिला पान्याची काय पडली नाय."

एखाद्या ऋषीकडून वर घ्यावा तशी तुम्ही ती मरळ घेतलीत, आणि गाडीची वेळ बघायला रस्ता ओलांडून गेलात. तेवढा वेळ मी तिच्यापाशी उभी होते. ते नंतर सांगते.

मरळी जगल्या. आठवड्याने परदेशी पाहुणे आले. पाटीपुढे मी संस्कृतात स्वागत केलं. एका पाहुण्याने मासा कोणता म्हणून विचारलं. साहेबांनी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. मी इंग्रजीत सांगितलं, फार नाजूक मासा आहे, जराही घाण सहन होत नाही त्याला. कंपनीला ऑर्डर मिळाली, तुम्हाला सत्काराचा नारळ मिळाला. मरळींना काही नाही. त्या आपल्या वर तोंड काढून हवा खात होत्या.

पुढे शेजारच्या कंपनीने स्वतःच्या डोक्याने तेच केलं जे तुमच्या कागदांत होतं. पाहुणेही शहाणे झाले. हौदाकडे ढुंकून न बघता नदीत पडणाऱ्या पाइपाखाली बाटली धरू लागले. दशक संपायच्या आत तुमच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि कंपनीजवळच्या वरसे गावात नवी बिऱ्हाडं केलेले तुमचे कामगार भांडीकुंडी टेम्पोत घालून परत गेले. तुम्ही ओसरीवर बसून म्हणालात, "नशीब." नशीब कसलं, अण्णा? नशिबाला आकृत्या काढता येत नाहीत, तुम्हाला येत होत्या! तुम्ही लबाड असतात तर मी हा कागद खराब केला नसता. तुम्ही हुशार होतात, बरोबर होतात, आणि गप्प होतात. साहेबांच्या टेबलावर ती फाइल एकदा, फक्त एकदा पुन्हा आपटायची होती. आपटायची सवय नव्हती तर नुसती ठेवायची. माझ्या शब्दरूपात एक विसर्ग चुकला तर दहा वेळा लिहून घेणारे तुम्ही, साहेबांकडून 'पुढचं वर्ष' एकदाही परत म्हणवून घेतलं नाहीत.

रात्रीपासून हे सगळं तुमच्यावर ओतायचं ठरवून बसले होते. ओतलं. आता हे पत्र त्याच खणात, पिठाचे डाग पडलेल्या त्या पानांवर ठेवीन. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. फक्त नाक्यावरचं राहिलं.

तुम्ही रस्त्यापलीकडे होतात तेव्हा तिने मला विचारलं, "तुजा बाप कंच्या कंपनीन हाय गो?" मी सांगितलं. ती हसायची थांबली. तिचं सासर रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. "आमच्या मासल्यांना घासलेटचा वास येते," ती म्हणाली. "बाया नाकाला लावतान नी परत टोपलीन टाकतान. म्हनून माहेरा येऊन हितं बसते. बापाला सांग. भला मानूस दिसते, त्याला सांग." आणि किटलीचं झाकण लावण्याआधी तिने आणखी एक मरळ आत सोडली.

तुम्ही परत आलात. "काय म्हणत होती?" विचारलंत.

"काही नाही," मी म्हटलं. "गाडी किती वाजता आहे?"