माझ्यामागे बाहेरच्या भिंतीचं काय करायचं

लिहून देणार मी, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. आजार पोटात आहे, डोक्यात नाही. कुणी धमकावलेलं नाही. तेवढी कुणाची छाती नाही. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून चुका असतील. वकिलांनी त्या सुधारू नयेत, अर्थ बदलतो.

कलम पहिलं. कोळशाची इस्त्री आणि टेबल शेजारच्या शिंप्याला. इस्त्रीची मूठ सैल आहे. हात भाजला तर माझ्या नावाने खडे फोडू नयेत.

कलम दुसरं. बँकेत आहे ते माझ्या मयतीला. उरलं तर सुनेला. तिने मला कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण ती माझ्याशी बोललीच नाही. तरी द्यावं. औषधवाल्याला मात्र मयतीत उभं करू नये. दुकानासमोर झोपलेल्यांवर तो बादलीने पाणी ओततो.

कलम तिसरं, भिंत. माझा धाकटा भाऊ घर सोडून रस्त्यावर राहिला आणि पुलाखालीच मेला. मी पोचेपर्यंत पालिकेने त्याला जाळून टाकलं होतं. स्मशानातला कारकून म्हणाला, "बेवारस होता." मी म्हटलं, "सख्खी बहीण समोर उभी आहे, डोळे फुटले काय?" तो म्हणाला, "बाई, आता काय उपयोग?"

घरी येऊन रस्त्याकडच्या भिंतीवर ऑइलपेंटने भावाचं नाव लिहिलं. मग पलीकडच्या फुटपाथवरचा खोकलामास्तर गेला, मग दोनपिशव्या, मग टोपीवाला. खरी नावं त्यांची त्यांनाच आठवत नसत. लोक हाक मारायचे तीच लिहिली. भावाच्या तिथीला भिंतीपाशी मेणबत्त्या लावते; पहिल्या वर्षी सगळी गल्ली मेणबत्त्या घेऊन आली होती. गेल्या वर्षी मी, कुबडीवाली आणि एक कुत्रं.

कलम चौथं. खोली मुलाला. दुसरं आहे कोण? भिंतीला रंग लावू नये अशी अट घातली होती. वकील म्हणाले, "घाला, पण राखणार कोण?" मुलगा तोंडावर बोलला, ते बरं केलं: "आई, मेलेल्यांच्या नावांची खोली कोण गिऱ्हाईक घेईल?" त्याचंही चुकत नाही, त्याला पोरंबाळं आहेत. म्हणून अट खोडली. खोडाखोड माझीच, बाजूला सही आहे. बाळा, रंगारी आणशील त्या दिवशी एकदा सगळी नावं मोठ्याने वाच. नाही वाचणार, माहीत आहे मला. लिहायला काय जातं.

कलम पाचवं. कुबडीवाली याच भिंतीला टेकून झोपते. साक्षीला तीच हवी होती. वकिलांनी पत्ता विचारला. ती म्हणाली, "उन्हाळ्यात इथे, पावसात पुलाखाली." वकील म्हणाले, "छे, उद्या कोर्टाची नोटीस आली तर चिकटवायची कुठे?"

"माझ्या पाठीवर चिकटवा," म्हणाली आणि हसली. मग मला म्हणते, "काय गं, डॉक्टर काय म्हणतो? कधीपर्यंत आहेस?"

"पावसाळा बघेन म्हणतो. पुढचं नाही."

"मग मला घाई केली पाहिजे. तू आहेस तोवर गेले तर नाव तरी लागेल."

मी म्हटलं, "भलतंसलतं बोलू नकोस." पण हिशेब तिचा बरोबर आहे.

याउपर माझं काही म्हणणं नाही. वाचून घेतलं, कबूल आहे.

सही: इस्त्रीवाली
साक्षीदार १: समोरचा न्हावी, राहणार दुकानाच्या माळ्यावर
साक्षीदार २: वकिलांचा कारकून. हा मला आजच भेटला.
ठिकाण: राहत्या खोलीत
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे ती