बाळ उचलणारी घार

१२ मार्च

घार बाळ उचलून नेते म्हणे! डोंबल नेते.

सकाळी सकाळी सेक्रेटरी दारात. नोकरीतून निवृत्त झालेत, साहेबीतून काही झाले नाहीत. ती आता आमच्या इमारतीवर चालवतात. मोबाइल माझ्या नाकाशी धरला नि म्हणाले, "बघा मावशी, तुमच्या लाडकीचे प्रताप." बागेत सतरंजी, सतरंजीवर बाळ. वरून पक्षी येतो, बाळाला अंगड्याला धरून उचलतो, आई धावते, संपलं. माझ्या काळजात धस्स झालं, नाही कशाला म्हणू. पण पुन्हा पाहिलं नि संताप आला. ती घार नव्हतीच! घारीच्या शेपटीला मागे खाच असते. मला नाही माहीत तर कुणाला? आमच्या गॅलरीसमोरच्या झाडावरच तिचं घरटं. आम्ही चौथ्या मजल्यावर, तीही चौथ्या मजल्यावर – शेजारीणच म्हणायची. चहा पिताना मी तिच्याकडे बघते, ती माझ्याकडे. दोन पिल्लं झालीत. आधी लोकरीचे गुंडे होते, आता मधेमधे पिसं फुटलीत, त्यामुळे अगदी ध्यान दिसतात. मोठं धाकट्याच्या डोक्यावर पाय देऊन उभं राहतं. आमच्या थोरल्याची आठवण येते.

काय सांगत होते? हां, सेक्रेटरी. "खोटं असेल हो ते," म्हटलं. तर म्हणे, "माझ्या साडूनं पाठवलंय. इंजिनिअर आहे तो." घ्या! साडू इंजिनिअर, म्हणून पक्ष्यानं बाळ उचललं.

१३ मार्च

जिन्यात तेच, दूधवाल्याच्या तोंडी तेच, सूनबाईच्या ऑफिसातही तेच. पराचा कावळा ऐकला होता, आमच्याकडे घार झाली.

संध्याकाळी नातीला दाखवलं. ती स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ नीट करते. नीट म्हणजे रुसलेल्या आत्याला चित्रातून काढून टाकायचं, ढगाळलेलं आभाळ निळं करायचं. एका नवरदेवाची तर जांभई पुसली होती तिनं. बघताक्षणी हसली. "आजी, बाळ वर गेलं तरी सतरंजीवर सुरकुती नाही बघ. पक्षी कॉम्प्युटरवर काढलाय." मग आणखी एक काढून दाखवला. तोच पक्षी, तीच झेप, पायात बाळाऐवजी करडू. मी म्हटलं, "मेल्यांना एवढी कला येते, तर काही चांगलं काढा की."

"चांगलं कोण बघतं, आजी?"

घारीचं वजन किलोभरही नसतं, असंही तिनं शोधून सांगितलं. म्हणजे वरच्या मजल्यावरचं बाळ उचलायला गेली, तर बाळच तिला घेऊन घरी यायचं. मी एकटीच हसत बसले. सूनबाई म्हणाली, "हसू नका आई, त्या बाळाचं रडणं ऐकलंत का? किती खरं वाटतं." रडणं खरंच असेल. कुणाच्या तरी बाळाचं असेल, भुकेलं असेल ते. रडणं खरं म्हणून घार खरी?

१५ मार्च

वरच्या मजल्यावर गेले. बाळाच्या आईनं, तरुण मुलगी ती, खिडक्या लावून घेतल्यात. एवढ्या उकाड्यात! बाळाच्या अंगावर घामोळं आलंय, ती स्वतः वाळलीय. नवरा फिरतीवर, घरात दुसरं माणूस नाही. तिला नातीनं सांगितलेलं सगळं सांगितलं – सतरंजी, करडू, वजन. मान हलवत होती. शेवटी हळूच म्हणाली, "आजी, घरट्यात आमच्या बाळाचा मोजा आहे."

आहे, मीही पाहिलाय. पिवळा. घार घरट्यात काय वाट्टेल ते नेऊन घालते – चिंध्या, सुतळ्या, माझं ओटा पुसायचं फडकं गेलं तेही तिथेच आहे, मला इथून दिसतं. दोरीवर वाळत घातलेला मोजा उचलला असेल. पण त्या पोरीला काय दिसतं? मोज्यात पाय दिसतो.

"खोटं असेलही, आजी. पण खरं असलं तर?"

तिला काय बोलायचं? ज्यानं कुणी हे उद्योग केले त्याला समोर उभा करा, मग बघा माझी जीभ. एका बाईची झोप उडवलीस रे बसल्या जागी, नि तुला काय मिळालं? मोबाइलवरचे अंगठे!

१७ मार्च

सेक्रेटरींनी मोज्याचा फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलंय, "आज मोजा, उद्या मूल." रविवारी सभा. फांद्या तोडणारा माणूस सोमवारी यायला सांगूनही ठेवलाय! मग सभा कशाला? चहाला?

पिल्लांना अजून उडता येत नाही. घरट्याच्या काठावर उभी राहून पंख फडफडवतात, मग घाबरून मागे बसतात. थोडे दिवस थांबा म्हटलं, ती आपली आपण जातील. सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, जिवाशी खेळ नको." म्हटलं, मीही तेच म्हणतेय.

२० मार्च

नातीशी बोलताना रडू आलं. या वयात एका घारीसाठी! ती म्हणाली, बघू, काहीतरी करू. कामावरून उशिरा येते हल्ली, डोळे लाल.

२२ मार्च, रविवार

जिंकलो! जिंकलो! आधी हे लिहिते, मग पाणी पिते.

सभेत मी उठून बोलले. चौथी पास बाई मी, पण एकही मुद्दा सोडला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. किलोभराचा पक्षी पाच किलोचं मूल कसा उचलेल, विचारलं, तर मागून एक जण म्हणे, "मुंगी नाही का उचलत?" हशा. वरची मुलगी बाळाला छातीशी धरून बसलेली, वर बघतसुद्धा नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, चला, हात वर करा.

तेवढ्यात नात उठली. "एक मिनिट. हे मी परवा गच्चीवर काढलंय." नि फोन मोठ्या टीव्हीला जोडला. आमची गच्ची. आमची टाकी. फुटकी निळी बादलीसुद्धा आमचीच. पोरांच्या सायकली उभ्या असतात त्या कोपऱ्यात साप! चांगला काळाभोर, सरपटत चाललेला. नि वरून आमची घार सूंकन आली, साप पायात धरला नि निघून गेली. मी टाळ्या वाजवत उभी राहिले. "बघा! बघा! म्हटलं नव्हतं?"

सगळी सभा फिरली. सायकलवाल्या पोरांच्या आया तर रडायलाच लागल्या. सेक्रेटरी स्वतः म्हणाले, "म्हणजे राखणच करतेय की ती." फांद्यावाल्याला तिथूनच फोन – येऊ नकोस. वरच्या मुलीनं मला घट्ट धरलं. घरी जाऊन आधी खिडकी उघडते म्हणाली.

एवढी भाषणं केली, काही नाही. डोळ्यांनी दिसलं तेव्हा पटलं. खऱ्याची ताकदच वेगळी.

२४ मार्च

गच्चीवर घारीसाठी पाण्याचं भांडं कुणीतरी ठेवलंय. पोरं तिला "वॉचमनबाई" म्हणतात. मी नातीला म्हटलं, तो साप माझ्या बहिणीला पाठव. "नको आजी, बाहेर नको जायला," म्हणाली नि उठून गेली.

२६ मार्च

साप नव्हता.

आज चहाच्या वेळी सांगितलं तिनं. गच्ची आमची, घार आमची, ती झेपही खरी – पायात कोळ्याकडून उचललेला मासळीचा तुकडा होता. तो पुसून साप बसवला. तीन रात्री स्टुडिओत बसून.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्या बाळवाल्यात नि तुझ्यात फरक काय? विचारलं. "निदान मला तरी सांगायचंस." तर म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर तू तशा टाळ्या वाजवल्या असत्यास का? लोकांनी टीव्हीकडे कमी बघितलं आजी, तुझ्याकडेच बघत होते."

जेवण गेलं नाही. राग तिचा नाही, माझाच येतोय. तो सेक्रेटरींचा साडू नि ही माझी नात. त्यांनी साडूचं ऐकलं, मी नातीचं. आणि मला तो साप हवाच होता ना? हवा होता म्हणून दिसला.

उद्या खाली जाऊन सगळं सांगणार. मग काय व्हायचं ते होवो.

२७ मार्च

गेले. सेक्रेटरी घरात नव्हते, त्यांच्या बाई दारात भेटल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आजी, कुणाला सांगितलं नाही, पण घारीनं उचलला त्याच्या आदल्या दिवशीच तो साप मी पाहिला होता. या डोळ्यांनी. तुम्हीपण पाहिला असेल ना?"

वर पिल्लू काठावर उभं होतं. अजून उडालेलं नाही.

पाहिला, म्हटलं. चांगला हातभर होता.